निवृत्त घोड्यांची उन्हाळ्याच्या तोंडावरची काळजी

प्रश्न थोडक्यात असा. शिराळ्याकडच्या एका शेतकऱ्याने दोन म्हातारी जनावरं सांभाळायला घेतली आहेत. एक २२ वर्षांची बुटकी घोडी, आयुष्यभर पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरलेली. दुसरा १९ वर्षांचा खच्ची केलेला थरोब्रेड, रेसमधून निघून पुढे रायडिंग स्कूलमध्ये राहिलेला. दोघं दिवसभर डोंगरउतारावरच्या तीन एकर गवताच्या रानात मोकळी असतात आणि रात्री पत्र्याच्या शेडमध्ये. होळीपासून घोडी खाताखाता तोंडातला घास टाकते. घोड्याच्या बरगड्या दिसायला लागल्यात आणि हिवाळ्यातले केस अजून अंगावरच आहेत. 'वसंतात घोड्यांना गवत मोजून द्यावं' असं इंग्रजी लेखांत वाचून त्यांनी दोघांचं चरणं निम्म्यावर आणलंय. हे बरोबर आहे का, आणि पावसापर्यंत काय करावं?

मी सातारा भागात पशुवैद्य म्हणून टांग्याची, डोंगरावरची, शर्यतीची घोडी बरीच वर्षं तपासत आलेय, त्यावरून सांगते.

चरणं आजच पूर्वीसारखं करा. ते लेख खोटे नाहीत, पण ते तिकडच्या हवामानाचे आहेत. इंग्लंड-अमेरिकेत कडक थंडी सरली की एप्रिल-मेमध्ये कोवळं गवत जोरात फुटतं. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की त्या गवतात साखरेचं प्रमाण वाढतं, आणि हावरट तट्टानं ते पोटभर खाल्लं की लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आतला थर सुजतो आणि जनावर पाय टेकेनासं होतं. आपल्याकडे गवत जूनमध्ये फुटतं, दिवाळीपर्यंत बी धरून वाळतं आणि होळीला रानात उभी असते ती काडी. त्या काडीत प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, आणि नुसत्या बसून असलेल्या घोड्यालाही आठ टक्क्यांच्या आसपास लागतात. म्हणजे चैत्रात आपलं जनावर रान भरलेलं दिसत असूनही उपाशी राहू शकतं. गवत मोजून देण्याचा तो सल्ला तुमच्याही कामाचा आहे, पण मृगानंतर. पहिल्या पावसाने रान पोपटी झालं की घोडीला सुरुवातीला तासभरच सोडायचं, बाकी वेळ सुका चारा द्यायचा आणि दोन आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवायचा. आत्ता मात्र प्रश्न जास्त खाण्याचा नाही, पोटात काय जातंय याचा आहे.

दुसरी गोष्ट, या दोघांना एका मापाने वागवू नका. डोंगरावरचं तट्टू थोडक्यात भागवणाऱ्या रक्ताचं असतं. त्याला चरबी लवकर धरते, मानेच्या वरच्या कडेला कठीण वळी येते, आणि अशा जनावराला गूळ-धान्य जास्त झालं की खूर जातात. थरोब्रेड याच्या उलट. कातडी पातळ, अंग गरम, आणि उन्हाळ्यात त्याचं वजन बघता बघता उतरतं. रान एकच असू द्या, पण खाणं वेगवेगळ्या जागी बांधून द्या. नाहीतर दोघांपैकी जे दांडगं असेल ते दुसऱ्याच्या घमेल्यात तोंड घालणार, आणि गंमत अशी की अनेकदा ते दांडगं जनावर म्हणजे बुटकी घोडीच असते.

आता घोडीचे दात. तिने टाकलेला घास उचलून हातात घ्या. बोटाएवढा लांब, दोरीसारखा पिळलेला, लाळेने ओला. उलगडून पाहिलात तर आतल्या काड्या जवळपास अख्ख्या. याचा अर्थ ती चावते आहे, पण दळलं जात नाही. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि तेवढ्याच झिजतात. विशी ओलांडली की आतला साठा संपत येतो. काही दाढा गुळगुळीत होतात, काही हलतात, काही पडतात, आणि जिथली दाढ पडली तिच्या समोरची उंच वाढून हिरडीत टोचते. शिवाय वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा गालाला आणि खालच्यांच्या आतल्या कडा जिभेला कापतात. तोंडाला वास येणं, एकाच बाजूने चावणं, दाणा खाताना मान वाकडी करणं, लिदीत लांब काड्या आणि अख्खे हरभरे दिसणं ही सगळी त्याचीच लक्षणं.

आपल्या डोंगरउतारांवर आणखी एक त्रास असतो, कुसळी गवताचा. फाल्गुनात त्याची कुसळं सुटी होऊन हिरडीत, जिभेखाली, गालाच्या आत रुततात आणि तिथे फोड येऊन पिकतात. डॉक्टरांकडून तोंड उघडायची कळ लावून, गुंगीचं इंजेक्शन देऊन, बॅटरीच्या उजेडात संपूर्ण तोंड बघून घ्या. नुसता ओठ उचलून पुढचे दात बघण्याला तपासणी म्हणत नाहीत. टोकं कानशीने घासून घेतली की बऱ्याच घोड्या आठवड्याभरात नीट खायला लागतात. मात्र २२ वर्षांच्या तोंडात फार घासू नये, शिल्लक दात मोलाचा असतो. गावातल्या दवाखान्यात घोड्याच्या दातांचं साहित्य नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून चौकशी करा.

दात घासले तरी गेलेली दाढ परत येणार नाही. त्यामुळे घोडीचा चारा तुम्हालाच दळून द्यायचा आहे. यासाठी आधी तिचं वजन माहीत हवं, आणि त्याला काट्याची गरज नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलो मिळतात. घेर १४८ आणि लांबी १३५ असेल तर वजन २५० किलोच्या आसपास. दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहा. रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला उतरतं वजन दिसत नाही, आणि लांब केस असले तर मुळीच दिसत नाही. म्हणून बरगड्या डोळ्यांनी मोजू नका, तळहात दाबून फिरवा. थोडं दाबल्यावर बरगडी लागली तर ठीक. न दाबता बोटं बरगड्यांच्या खाचांत जात असतील तर जनावर उतरलंय.

घोड्याला दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकं अन्न लागतं. म्हणजे तुमच्या घोडीला चार ते पाच किलो आणि घोडा ४५० किलोचा धरला तर त्याला नऊ किलोपर्यंत. आता रब्बीची ज्वारी निघाली आहे, नवा कडबा घरात आलाय, पण अख्खी पेंढी घोडीपुढे टाकली तर ती पानं ओरबाडेल आणि ताटं तुडवेल. कडबाकुट्टीतून जितकी बारीक निघेल तितकी काढा. तिच्यात वाळवलेल्या लसूण घासाची (ल्युसर्नची) कुट्टी मिसळा, साधारण तिसरा हिस्सा, आणि पाणी घालून दोन तास सावलीत भिजत ठेवा. मुठीत दाबल्यावर पाणी सुटलं पाहिजे इतकं ओलं. वरून दोन चमचे मीठ. असं दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. उन्हाळ्यात भिजवलेलं चार तासांत आंबायला लागतं, तेव्हा सकाळचं उरलेलं संध्याकाळी देऊ नका, आणि घमेलं प्रत्येक वेळी घासून घ्या. मी अजिबात दाढा नसलेली घोडी अशा भिजवलेल्या खाण्यावर चांगली गोल राहिलेली पाहिली आहेत. यात माणसाचा वेळ जातो, पण जनावर जगतं ते यावरच.

घोड्याला हेच खाणं, पण जास्त, आणि जोडीला भिजवलेला हरभरा. आपल्याकडची जुनी चंदी हरभऱ्याचीच आणि ती उत्तम आहे, फक्त एका वेळी किलोच्या आत ठेवा. वजन भरायला धान्यापेक्षा तेल बरं. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल पहिल्या दिवशी दोन चमचे घाला आणि तीन आठवड्यांत अर्ध्या वाटीपर्यंत, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटरपर्यंत न्या. लीद सैल झाली तर एक पाऊल मागे या.

या खाण्याच्या बाबतीत आपल्या भागात तीन-चार गोष्टी सर्रास चुकतात आणि त्या मला जरा विस्ताराने सांगायच्या आहेत, कारण गाई-म्हशी सांभाळणाऱ्या घरात घोडा आला की त्याला गोठ्यातलंच खाणं मिळतं.

वाढे, म्हणजे उसाचे शेंडे. कारखाने चालू असेपर्यंत शिराळा, वाळवा, कराडकडे वाढे सहज मिळतात. त्यात ऑक्झॅलेट असतं आणि ते अन्नातलं कॅल्शियम बांधून टाकतं. हत्ती गवताच्या संकरित जातींतही तेच. गाईच्या कोठीपोटातले जंतू यातलं बरंचसं पचवतात, घोड्याला ती सोय नाही. त्याच्या जोडीला गव्हाचा कोंडा द्यायची आपल्याकडे मोठी आवड. कोंड्यात कॅल्शियमच्या जवळपास दहापट फॉस्फरस असतो, आणि घोड्याला हवं असतं नेमकं उलट, फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम दीड-दोनपट. वाढे, हत्ती गवत आणि कोंडा यांवर वर्ष काढलेल्या घोड्याच्या रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. आधी नुसता लंगडेपणा येतो, कधी या पायात, कधी त्या पायात. मग जबड्याची आणि नाकाच्या बाजूची हाडं फुगून तोंड सुजल्यासारखं दिसतं. तुमच्या घोडीच्या डोळ्यांखालच्या हाडांवरून दोन्ही हात एकाच वेळी फिरवा. दोन्ही बाजूंना फुगवटा लागला तर डॉक्टरांना तसं सांगा. लसूण घास यावर चांगला उतारा आहे कारण त्यात कॅल्शियम भरपूर. कोंडा पूर्ण बंद करा, वाढे चाऱ्याच्या पाव हिश्शाच्या आत ठेवा, आणि गळीत संपून वाढे अचानक बंद होणार असतील तर आत्तापासूनच दहा-पंधरा दिवसांत कडब्यावर आणा. एका रात्रीत चारा बदलला की घोड्याचं आतडं बिघडतं, पोटशूळाची मोठी लाट याच दिवसांत येते.

गुरांचं तयार खाद्य घोड्याला देऊ नका. त्यात युरिया असू शकतो, शिवाय काही खाद्यांत आणि विशेषतः कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखं औषध असतं. कोंबडीला ते मानवतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र अगदी थोड्या मात्रेतही मरतात आणि त्यावर उतारा नाही. शेजारी पोल्ट्री असेल, तिथली पोती तुमच्याकडे येत असतील, तर आधी पोती वेगळी करा. मक्याला किंवा कडब्याला बुरशीचा वास आला तर तो घोड्यासाठी नाही, कितीही महागाचा असो. काढून झालेल्या ज्वारीच्या रानाला पाणी लागलं की खुंटांना फुटवे येतात. उन्हाळ्यात हिरवं दिसतं म्हणून जनावर तिकडे धावतं, पण त्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. तिकडे सोडू नका.

आणि सणाचं खाणं. होळीला पुरणपोळी, पाडव्याला गाठी, आल्यागेल्याने प्रेमाने दिलेला गूळ. लोकांचं प्रेम खरं असतं, पण थोडक्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या तट्टाला गोड हा खुरांचा शत्रू. फाटकावर पाटी लावा आणि आलेल्यांच्या हातात गाजराचा लांब काप द्या. तोही घोडीसाठी किसून.

पाण्याकडे वळते. सुका चारा आणि चढतं ऊन, यात घोडीला दिवसाला २५ ते ३० लिटर आणि घोड्याला ४० ते ५० लिटर लागतं. प्रश्न बहुधा पाणी नसण्याचा नसतो, जनावर ते पीत नसण्याचा असतो. उन्हातल्या काळ्या पाइपातून आलेलं कढत पाणी, शेवाळलेला हौद, किंवा दांडगा जोडीदार हौदाशी उभा असणं, यातल्या कशानेही म्हातारं जनावर निम्म्यावर येतं. त्यात काडी नीट न चावलेली. मग आतड्यात लिदीचा गोळा घट्ट होतो. हौद झाडाखाली हलवा, आठवड्यातून दोनदा घासा, आणि एक वेगळी पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला ठेवा. एक दिवस बादलीने मोजून बघा कोण किती पितं. लीद रोज बघा. मऊ, ओलसर, चकाकी असलेले गोळे असावेत. लहान, कोरडे, श्लेष्माचं आवरण असलेले गोळे दिसले की पाणी कमी पडतंय.

तीन एकर रान चैत्रात चरून चरून उघडं पडतं आणि जनावर मातीसकट मुळं ओढतं. एक सोपी परीक्षा करा. लिदीचे पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत पाण्यात कालवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसली तर पोटातही बसते आहे. चारा जमिनीवर न टाकता रबरी चटईवर किंवा रुंद घमेल्यात द्या आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू करा.

घोड्याच्या अंगावरचे केस ही मला या प्रश्नातली सगळ्यांत महत्त्वाची खूण वाटते. घोडा केस टाकतो तो उष्म्यामुळे नव्हे, दिवस मोठा होतो म्हणून. डिसेंबर सरताना दिवस वाढू लागला की आपल्याकडे माघ-फाल्गुनात खराऱ्यात पुंजके यायला लागतात आणि पाडव्यापर्यंत अंग चकचकीत होतं. शिंगरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचं. एखाद्या म्हाताऱ्या घोड्याचे केस झडत नसतील, ते लांब आणि कुरळे असतील, पाठीचा कणा वर आला असेल, पोट खाली सुटलं असेल, तो पाणी जास्त पीत आणि मुतत असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार असण्याची शक्यता मोठी आहे. माणसं याला कुशिंग म्हणतात. पंधरा वर्षांवरच्या घोड्यांत तो बराच आढळतो, आणि नेमका या आजारात लॅमिनायटिस, खुरातले गळू, न भरणाऱ्या जखमा आणि जंतांचा त्रास वाढतो. रक्तातल्या एसीटीएच या संप्रेरकाची तपासणी करून निदान होतं. पावसाळ्याच्या शेवटी सगळ्याच घोड्यांत ते नैसर्गिकपणे वाढतं, त्यामुळे आत्ताचा काळ तपासायला चांगला. पर्गोलाइड नावाचं औषध रोज आणि आयुष्यभर द्यावं लागतं, आजार बरा होत नाही पण घोडा सुखात राहतो. निदान व्हायची वाट न पाहता एक काम लगेच करा, त्याचे केस मशीनने कापून टाका. एवढा कोट अंगावर घेऊन चैत्राचं ऊन सोसणं म्हणजे हाल आहेत.

शेडबद्दल माझं मत थोडं वेगळं पडेल. दिवसा रानात आणि रात्री पत्र्याखाली ही वेळ थंडीत ठीक, आता उलटी हवी. पण तुम्ही शिराळ्याला आहात, चांदोलीचं जंगल जवळ आणि उसात बिबट्या. म्हाताऱ्या जनावराला रात्रभर मोकळं ठेवा असं मी सांगणार नाही. उजाडल्यापासून दहापर्यंत आणि साडेचार-पाचपासून दिवे लागेपर्यंत चरू द्या, दुपार सावलीत. पत्र्याखाली दुपारी उभं राहून बघा, तुम्हाला पाच मिनिटं थांबवणार नाही. आंब्याचं किंवा चिंचेचं झाड असेल तर त्याखालीच दावण करा. पत्र्यावर पाचट टाकायची पद्धत आहे, पण डोंगराला वणवा लागायचे हेच दिवस. त्यापेक्षा पत्र्याच्या हातभर वर हिरवी जाळी ताणा म्हणजे मधून वारा जाईल. आणि रानाभोवती चार-पाच मीटर रुंद पट्टा गवत काढून जाळपट्टा म्हणून मोकळा ठेवा. वणव्याच्या धुराने घाबरलेला घोडा तारेत घुसतो, म्हणून फाटक बाहेरून-आतून एका हाताने उघडेल असं असू द्या.

दुपारी घोडा धापा टाकायला लागला तर अंगभर गार पाणी ओता, थांबू नका, श्वास खाली येईपर्यंत ओतत राहा. गरम अंगावर गार पाण्याने अंग आखडतं अशी जुनी समजूत आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी घोड्यांवर याचे प्रयोग झाले आणि गार पाणी सुरक्षित ठरलं. अंग कोरडं ठणठणीत असून श्वास वेगाने चालत असेल, घामच येत नसेल, तर ते जास्त गंभीर, लगेच डॉक्टर. घोडीचं नाक गुलाबी असेल तर दुपारी तिथे झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

खुरांचं थोडक्यात सांगते. नाल काढून टाका, कामातून गेलेल्या घोड्याला त्यांची गरज क्वचितच असते. नालबंदाकडून दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून घ्या, वाढ खुंटली तरी. मुरमाड जमिनीवर पहिले काही आठवडे घोडा जपून चालेल, ते चालेल. खूर गरम लागला आणि घोट्याच्या मागे नाडी ठोके देऊ लागली तर मात्र ती लॅमिनायटिसची सुरुवात, त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोपर्यंत जाड माती किंवा वाळू अंथरून त्यावर उभं करा.

गोचीड याच महिन्यांत चढतात. कानात, शेपटीखाली, आयाळीच्या मुळाशी बघा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गुरांवर मारायचं अमिट्राझ घोड्यावर मारू नका. त्याने आतड्याची हालचाल बंद पडते आणि घोडा पोटशूळाने दगावतो. दुकानदार गाई-म्हशींच्या हिशोबाने देतो, त्याचा दोष नाही, तुम्ही बाटलीवरचं नाव वाचा. घोड्यासाठी कोणतं आणि किती पातळ, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी डोळे झाकून देण्याची सवय सोडा. आपल्या कडक उन्हात रानातल्या अळ्या बऱ्याच मरतात, खरा संसर्ग पाऊस पडल्यावर वाढतो. आत्ता लीद तपासून घ्या, गरज असेल त्यालाच औषध द्या, आणि पावसानंतर पुन्हा तपासा. आयव्हरमेक्टिन द्यायचं तर घोड्याची तोंडावाटे द्यायची पेस्ट. गुरांचं इंजेक्शन घोड्याला टोचू नये, टोचल्या जागी गंभीर संसर्ग होऊ शकतो. धनुर्वाताची लस वर्षाला एकदा दोघांनाही.

हिरवं कुठेच नसतं तेव्हा कुंपणाची कण्हेर हिरवी असते. ती मूठभर पानांनी घोडा मारते, वाळलेली पानंसुद्धा. कण्हेर आणि एरंड रानाच्या आसपास असतील तर मुळासकट काढा, घाणेरीही.

सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक वापरू नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि घोड्यालाही चालतं, मात्रा डॉक्टर ठरवतील. म्हाताऱ्या घोड्याला रोज थोडं मोकळं चालणं हे निम्मं औषध आहे, म्हणून बांधून ठेवू नका.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. मेच्या मध्यापर्यंत वजनाची वही बघा. दात झाले, खाणं बदललं, केस कापले, औषध सुरू झालं, आणि तरीही घोडा उतरतच असेल, झोपल्यावर उठायला झगडत असेल, जोडीदारापासून दूर एकटा उभा राहत असेल, तर पावसाळ्याच्या चिखलात त्याला ढकलू नका. चिखलात आडवा पडलेला ४५० किलोचा घोडा उठवणं फार यातनामय असतं, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी. डॉक्टरांशी शांतपणे दयामरणाबद्दल बोला, खड्ड्याची जागा कोरड्या दिवसांतच ठरवा, आणि दुसऱ्या जनावराला त्याच्या जवळ जाऊन हुंगू द्या. मग घोडीला एकटी ठेवू नका. दुसरा घोडा शक्य नसेल तर गाढव किंवा शेळीही सोबत करते.

पोटशूळाची तयारी आजच करून ठेवा, कारण या दिवसांत तो रात्री-अपरात्री येतो. शेडच्या दाराशी खडूने लिहा: तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. घोडं शांत असताना तीन-चार दिवस मोजून त्याचे स्वतःचे आकडेही लिहा. कुशीकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन खरवडणं, वरचा ओठ वळवणं, लीद न होणं, पुन्हा पुन्हा आडवं पडणं, यातलं काही दिसलं की चारा काढून घ्या, नाडी मोजा, हिरडीचा रंग बघा आणि फोन करा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, जवळच्या डॉक्टरांचाही. नाडी ६० च्या वर असेल किंवा हिरडी जांभळट असेल तर ते फोनवर पहिल्या वाक्यात सांगा. घोडी भिजवलेलं खाताना अचानक मान ताणून खोकायला लागली आणि नाकातून चाऱ्याचं पाणी आलं, तर घास अन्ननलिकेत अडकलाय. खाणंपाणी दोन्ही काढून घ्या आणि मान खाली राहील असं उभं करा. पोट दुखो की घास अडको, डॉक्टर येईपर्यंत बाटलीने किंवा नळकांड्याने तेल, हिंगाचं पाणी, काढा, काहीही तोंडात ओतू नका. ते फुप्फुसात गेलं तर मूळ दुखणं बरं होऊनही घोडा न्यूमोनियाने जातो.